कादंबरी पडद्यावर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चार्ल्स डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी वाचल्यावर डेव्हिड लीन यांचा १९४६ चा चित्रपट पाहिला. त्यात ऑर्लिक नाहीच! ही मूळ कृतीशी प्रतारणा नव्हे का?

उत्तर: नुसतं पात्र गाळलं म्हणून नव्हे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. दोन तासांच्या चित्रपटाला १२० पानं मिळतात, तीही भरगच्च नव्हेत. जाडजूड कादंबरी त्यात बसवायची तर कात्री लागणारच. गाळलेलं पात्र कथेत कोणतं काम करत होतं आणि आता ते कोण करतं, हे पाहावं.

कादंबरीत लोहाराच्या भट्टीवरचा कामगार ऑर्लिक नायक पिपच्या बहिणीवर हल्ला करतो. तिच्याजवळ कापलेली बेडी सापडते. ती लहानपणी आपण मदत केलेल्या फरारी कैद्याची, हे पिप ओळखतो. कापायला कानस त्यानेच चोरून दिलेली असते. वार दुसऱ्याने केला, पण हत्यार आपण पुरवलं, ही टोचणी त्याला लागते. ऑर्लिक गेला की हल्ला जातो आणि त्याबरोबर ही टोचणीही. चित्रपट उत्तमच आहे, पण पिपच्या अपराधी मनाचा एक जाड धागा त्यात तुटला आहे. तक्रार करायची तर ती याची करा.

प्रश्न: घटनांचा क्रम बदलला तर?

उत्तर: बदलू द्या. ‘पथेर पांचाली’ या बंगाली कादंबरीत नात्यातली म्हातारी इंदिर ठाकरुण सुरुवातीच्या भागातच वारते, घरातला धाकटा अपू तेव्हा अगदी तान्हा असतो. सत्यजित राय यांनी १९५५ च्या चित्रपटात तिला बरीच पुढे जगवलं. रेल्वे पाहून परतणाऱ्या दुर्गा-अपू या बहीण-भावाला ती बांबूच्या बनात बसलेली दिसते. दुर्गा हलवते तर ती कलंडते. कादंबरीभर मुलांचं कुतूहल आणि मृत्यू शेजारी-शेजारी नांदतात, ते इथे एका दिवसात आलं. क्रम मोडूनही हे रूपांतर मुळाशी इमान राखतं, असं आम्ही ठामपणे म्हणू.

प्रश्न: आमच्या वाचक मंडळाला अशी तुलना करायची आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर: एकच प्रकरण निवडा, शक्यतो ज्यात कुणीतरी मोठा निर्णय घेतं असं. चित्रपट पाहण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: प्रकरणाच्या सुरुवातीला कोणाला काय ठाऊक आहे, शेवटी काय ठाऊक झालं, आणि निर्णयामागचं कारण काय. मग तेवढाच प्रसंग दोनदा पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. निर्णय तोच राहिला पण कारण नाहीसं झालं, तर रूपांतर तिथे फसलंय. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मनातलं सगळं संवादात ओतणं. कादंबरीत अबोल असलेला माणूस पडद्यावर मित्राजवळ भडाभडा बोलू लागतो आणि त्याचा स्वभावच बदलतो. आवाज बंद केल्यावर हे लगेच कळतं, कारण चेहऱ्यावर आणि हातांत काहीच घडत नसतं. पूर्ण चित्रपट एका बैठकीत उरकू नका, एका प्रकरणावरच दोन तास चर्चा रंगेल.