एक्स-रेत दाताच्या मुळाशी काळं दिसलं, तर रूट कॅनाल करावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की खालच्या डाव्या उपदाढेच्या मुळाशी एक्स-रेत काळा गोल दिसला. दात दुखत नाही, कीडही दिसत नाही, तरी रूट कॅनाल करायला सांगितलंय आणि घरात कॅन्सरची धास्ती बसलीय. मी दंतवैद्य आहे, असे एक्स-रे रोज बघते. तुमचा एक्स-रे समोर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण दाताला ड्रिल लागण्याआधी काय करून घ्यायचं ते सांगते.

एक्स-रेत काळं दिसतं म्हणजे तिथे किरणांना अडवायला हाड कमी आहे, एवढंच. ते का कमी आहे हे एकट्या चित्रावरून कळत नाही. बहुतेकदा कारण संसर्गाचंच असतं. कीड खोल जाते किंवा दाताला कधीतरी मार बसतो, आतली नस मरते, तिथे जंतू वाढतात आणि मुळाच्या टोकाभोवतीचं हाड झिजतं. तिथे पू आहे, ग्रॅन्युलोमा (सुजेमुळे तयार झालेली मऊ गाठ) आहे की सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी), हे एक्स-रेवरून खात्रीने कुणालाच सांगता येत नाही.

पण तुमची उपदाढ खालची आहे, म्हणून जरा थांबा. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातून ज्या भोकातून बाहेर पडते, ते मेंटल फोरामेन बहुधा याच उपदाढांच्या मुळांजवळ असतं. एक्स-रेत हाडाची सगळी जाडी एकाच चित्रात येते, त्यामुळे ते भोक कधीकधी नेमकं मुळाच्या टोकावर पडतं आणि हुबेहूब आजारासारखं दिसतं. अशा वेळी मी आधी मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ शोधते. तिला लॅमिना ड्युरा म्हणतात. टोकाला वळसा घालून ती अखंड जात असेल, तर संशय भोकावर जातो. मग एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरा फोटो काढायचा. भोक असेल तर काळा गोल मुळाच्या टोकापासून सरकतो; मुळाचा आजार असेल तर टोकालाच चिकटून राहतो.

त्याहून महत्त्वाची थंडाची चाचणी. कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो कोरड्या केलेल्या दाताला लावतात, आधी शेजारच्या निरोगी दाताला, मग संशयाच्या. कळ आली आणि बोळा काढल्यावर काही सेकंदांत गेली, तर नस जिवंत असण्याची शक्यता दाट आहे. जिवंत नसेचं रूट कॅनाल केवळ काळ्या डागासाठी करू नये, हे माझं ठाम मत आहे. खालच्या पुढच्या दातांखाली, विशेषतः मध्यमवयीन बायकांमध्ये, हाडाचाच एक निरुपद्रवी बदल असा काळा दिसतो. त्यात दात धडधाकट असतात, उपचार लागत नाहीत, आणि तरीही रूट कॅनाल झालेले लोक भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं.

दुखत नाही यावर मात्र विसंबू नका. नस मेलेला दात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. थंडाला काहीच प्रतिसाद नाही आणि पांढरी रेघही टोकाशी तुटलेली, असं असेल तर तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, चालढकल करू नका. रूट कॅनालनंतर तो काळेपणा लगेच जात नाही. हाड भरायला सहा महिने, वर्ष, क्वचित चार वर्षंही लागतात.

कॅन्सरबद्दल: मुळाशी दिसणारं असं काळं क्वचितच तसलं काही निघतं. पण खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, हिरडीचा आजार नसताना दात हलायला लागणं, एक्स-रेत काळ्या भागाची कड कुरतडल्यासारखी दिसणं, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात जबड्याच्या सर्जनना दाखवा.

तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "थंडाची चाचणी केली का? वेगळ्या कोनातून एक एक्स-रे काढाल का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. एवढं करूनही उलगडा झाला नाही, तरच सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र देणाऱ्या स्कॅनचा खर्च करा. एक्स-रेची कॉपी मागून घ्या. दुसरं मत घेताना आणि पुढच्या वर्षी तुलना करताना तीच लागेल.