व्हायरस बदलला म्हणजे सौम्यच झाला का?

प्रश्न: डॉक्टर, आमचं घर गुहागर तालुक्यात. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की घरात वीसेक माणसं, आणि आरत्या संपेपर्यंत निम्म्यांना ताप-खोकला. दीर म्हणतात व्हायरस जेवढा बदलतो तेवढा सौम्य होत जातो, घाबरायचं काय. पण सासरे ७८ वर्षांचे, दम्याचे पेशंट. खरं काय?

उत्तर: ताई, असा काही नियम नाहीये, आणि ही समजूत घरोघरी ऐकतो तेव्हा मला खरंच काळजी वाटते. व्हायरस शरीरात स्वतःच्या ढीगभर कॉप्या काढतो, त्यात चुका होतात, तेच म्युटेशन. बहुतेक चुका वाया जातात, टिकते ती चूक जिच्यामुळे तो पुढच्या माणसापर्यंत लवकर पोचतो. कोविडचा माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देत असतो आणि दगावणारा बहुधा दोन-तीन आठवड्यांनी दगावतो, म्हणजे तोवर व्हायरस कधीच पुढच्या घरी गेलेला, मग त्याला सौम्य व्हायची गरजच काय?

२०२१ चा डेल्टा आठवा, जास्त पसरायचा आणि आजारही जास्त गंभीर करायचा. त्याच जूनमध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात डेल्टा प्लस सापडला, सगळे हादरले, पण तो डेल्टाला मागे टाकू शकला नाही. ओमिक्रॉन श्वासनलिकेत भराभर वाढायचा, फुप्फुसात खोलवर कमी, शिवाय तोवर बऱ्याच जणांची लस झालेली किंवा कोविड होऊन गेलेला, म्हणून हलका गेला. १९१८ च्या फ्लूचं तर उलटं झालं, जूनमध्ये मुंबईत आलेली लाट त्यामानाने हलकी होती, सप्टेंबरनंतरची भयंकर.

आणि सौम्य असला तरी हिशोब करून बघा. हजार जणांना झाला आणि शंभरात एक गंभीर, तर दहा पेशंट. दुसरा निम्माच घातक पण दहा हजारांना झाला, तर पन्नास. तालुक्याच्या दवाखान्यात खाटा किती असतात ते तुम्हाला माहितीच आहे.

पावसामुळे खिडक्या लावून माजघरात तीस माणसं टाळ-झांजा घेऊन मोठ्याने आरती म्हणतात, तिथे सासऱ्यांना मधोमध बसवू नका, पडवीत दाराजवळ खुर्ची टाका, दर्शन तिथूनही होतं. खोकणाऱ्याने मास्क लावूनच त्यांच्याजवळ जायचं. फ्लूची लस सणाच्या महिनाभर आधी द्या, कोविडच्या डोसचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा, इनहेलर चुकवू नका. धाप लागली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर विसर्जनासाठी थांबू नका, त्याच वेळी गाडी काढा.