कारच्या दारात नवीन स्पीकर घरी बसवता येतात का? किती वॅटचे घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची स्पीकर टाकायचेत. घरी जमतात. क्लिपा कुठं, स्क्रू कुठं हे कुठल्याही व्हिडिओत दिसेल. मला बोलायचंय ते डोअर पॅडच्या (दाराला आतून असतं ते झाकण) आतल्या प्लास्टिकच्या कागदाबद्दल, कारण त्याच्यावरून आमच्या घरात दोन पावसाळे वाद चाललाय.

आमची २०१२ ची स्विफ्ट, केए-२२. बाबा रिटायर झाल्यापासून गाडीत कुमार गंधर्वच ऐकतात, सुळेभावीला जन्मलेले, म्हणजे आपल्या बेळगावचेच, असा त्यांचा जिव्हाळा. निपाणीचे दाजी आले की म्हणायचे, "मामा, या स्पीकरवर काय ऐकता, माझ्या ओळखीचं दुकान हाय की, अर्ध्या तासात बसवून देतो." मी म्हणालो रविवारी मी बसवतो, पण जावयाचा शब्द मोडायचा नाही म्हणून गेलो. तिथल्या पोरानं पॅड काढलं आणि आतला कागद ब्लेडनं फाडून भोक मोठं केलं, खालची बाजू तशीच लोंबत ठेवली. मी विचारलं तर म्हणाला त्याला काय होत नाही. दाजीपण म्हणाले, काय होत नाही रे.

पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले तानपुऱ्याचा खर्ज गेला. दाजींचं फोनवर उत्तर, वूफर टाका. वूफर कशाला? एका बाजूची प्लस-मायनस उलटी जोडली होती. एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि जुनं रेकॉर्डिंग मोनो, दोन्हीकडं तेच, म्हणून खालचा आवाज एकमेकांत मरतो. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवा, कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची तार ती स्पीकरची प्लस. मी ते केलं, खर्ज आला.

मग जुलैत जांबोटी-चोर्ल्यावरून गोव्याला गेलो, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. परत आलो तर आईच्या पायाखालचं मॅट ओलं. खालचा फेल्ट काढून पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं आणि गाडीला कुजक्या गोणपाटासारखा वास. दाजी म्हणाले पुढच्या काचेचं बीडिंग गेलंय, पैसे घालून सिलिकॉन भरून घेतलं, पाणी येतच राहिलं. मग म्हणाले एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. तो मी फुंकून बघितला, साफ होता.

शेवटी पॅड काढलं आणि काच वर करून बाहेरून नळी सोडली. काचेच्या रबरातून पाणी दाराच्या आत जातंच, ते तसंच असतं, खालच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. तो कागद म्हणजे त्या पाण्याची भिंत. आमच्या दारात पाणी काचेवरून ओघळून स्पीकर ज्यावर बसवतात त्या रिंगवर पडत होतं आणि फाटक्या कागदावरून सरळ गाडीत. रिंग लाकडी भुश्शाच्या पाटाची, फुगून चहात बुडवलेल्या खारीसारखी झालेली, बोट लावलं की पापुद्रा हातात. स्पीकरचा कागदी कोनही मऊ. फोटो काढून दाजींना पाठवले, तर म्हणाले पाऊसच जास्त झाला यंदा. पाऊस दरवर्षीच असतो की!

मग जाड पॉलिथीन आणून ब्युटाइल टेपनं (चिकट रबरी पट्टी) चिकटवलं, खालची कड दाराच्या आतल्या बाजूला खोचली, रिंग प्लास्टिकची घातली. तार दाराकडं जाताना खाली झोळ देऊन मग वर घेतली, म्हणजे थेंब कपलरपर्यंत (तारा जोडायचा प्लग) येत नाही. परवाच्या पावसात मॅट कोरडं.

वॅटचं म्हणाल तर बॉक्सवरच्या ३०० ला भुलू नका, ते पीक, म्हणजे क्षणभर झेपणारे वॅट. आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, बघा. साध्या स्टिरिओतून एका चॅनलला खरे १५ ते २० वॅट निघतात, म्हणून वेगळा अँप्लिफायर घेणार नसाल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये मोठा आवाज देणारे, ९० डेसिबलच्या वरचे घ्या. ४ ओहमचेच घ्या. आणि घ्यायच्या आधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेटला किती जागा उरते ते मोजा, नाहीतर काच मॅग्नेटवर आपटते.

राहिलं एक. मूळ वायर कापू नका, कपलर मिळतो. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी विचारून घ्या. काही नव्या गाड्यांत एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दारात असतो, तिथं भोकं उघडी ठेवणं किंवा नवीन पाडणं धोक्याचं, तसलं दार घरी उघडू नका. दाजींनी यंदा नवी गाडी घेतलीय. स्पीकर बदलायच्या आधी मला फोन करा म्हणून ताईला सांगून ठेवलंय, अजून फोन आलेला नाही.