पाणी पाचवा भाग चढलं नाही, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बराच वेळ डोक्यातून जाईना. तुम्ही लिहिलंय की विज्ञान शिकवायचं हे पहिलंच वर्ष, वर्गात पन्नासएक मुलं. ताटलीत पाणी घेतलं, मधोमध मेणबत्ती पेटवून उभी केली, वर काचेचा पेला पालथा घातला. पाणी पेल्याच्या पाचव्या भागापर्यंत चढायला हवं होतं, पण एका गटात ते तिसऱ्या भागापर्यंत गेलं, एकात चौथ्या, आणि एकात जेमतेम बोटभर. मुलं हसली, तुम्ही ओशाळलात, आणि आता तुम्हाला 'हमखास जमणारे' दहा प्रयोग हवे आहेत.

दहा प्रयोग मी देणार नाही. ओघात दोन-तीन येतील. गट कसे पाडायचे, साहित्य आदल्या दिवशी मोजून ठेवायचं, हे सगळं तुम्ही करतच असाल, त्यामुळे त्यावरही लिहीत नाही. मला त्या पेल्याबद्दलच बोलायचंय, कारण ह्याच पेल्यापायी मी कितीतरी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं आहे.

आपल्याला सांगितलेलं असतं ते असं: हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे पाचवा भाग. मेणबत्ती तो सगळा वापरते, रिकाम्या झालेल्या जागेत पाणी शिरतं, म्हणून पाणी पाचवा भाग चढतं. ऐकायला इतकं चपखल वाटतं की शंका घ्यावीशीच वाटत नाही. पण मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही. साधारण १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतानाच ज्योत विझते. शिवाय जो ऑक्सिजन खर्ची पडतो, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. मेण जळताना तीन भाग ऑक्सिजन गेला तर जवळपास दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात विरघळतो खरा, पण अर्ध्या मिनिटात सगळा नाहीसा व्हावा इतका भराभर नाही.

मग पाणी कशाने चढतं? मुख्यतः हवा थंड झाल्याने. पेला खाली आणताना ज्योतीभोवतीची तापून फुगलेली हवा त्यात अडकते. तिच्यातली थोडी पेल्याच्या कडेखालून बुडबुडे होऊन बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली हवा निवते आणि आकसते. जळताना तयार झालेली वाफ काचेवर दवासारखी जमते. आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तुम्ही पेला झटकन घातला की हळूहळू आणला, ज्योत केवढी होती, किती बुडबुडे निसटले, ह्यावर चढण ठरते. तुमच्या तीन गटांची तीन उत्तरं आली ती ह्यामुळे. तिन्ही गटांनी नीट बघितलं होतं.

ह्याचा पुरावा डोळ्यांसमोरच असतो आणि मी तो कधी पाहिलाच नव्हता. पाणी केव्हा चढतं ते बघा. ज्योत जळत असते तोवर ते जवळजवळ जागचं हलत नाही. ज्योत मिणमिणते, विझते, धुराची एक बारीक रेघ वर जाते, आणि मग पाणी सरसर चढतं. ऑक्सिजन जळाल्यामुळे चढत असतं तर जळताना चढलं असतं आणि विझल्यावर थांबलं असतं. होतं ते नेमकं उलटं. शेकडो मुलांसमोर मी हा प्रयोग केला, आणि पाणी चढताना माझी नजर असायची ती पट्टीवरच्या खुणेवर.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी कितीतरी जास्त चढलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पेला तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मग तीन मेणबत्त्यांनी पाणी जास्त कसं चढलं?" ह्याहून चांगला प्रश्न मला वर्गात आजवर कुणी विचारलेला नाही. आणि मी म्हणाले, "तू नीट मोजलं नसशील. सांगितलंय तेवढंच कर."

संध्याकाळी वह्या तपासताना तिचं पान समोर आलं. पेला दहा सेंटिमीटरचा होता. निरीक्षणाच्या रकान्यात आधी काहीतरी वेगळं लिहून खोडलेलं होतं. खोडरबर इतकं घासलं होतं की कागद झिरझिरीत झाला होता आणि पलीकडच्या पानाची शाई दिसत होती. त्यावर नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं: २ सेंटिमीटर. मी त्याखाली बरोबरची खूण केली. ती मुलगी त्या वर्षी पुन्हा प्रश्न विचारायला उभी राहिली नाही. मला माझी चूक कळली ती पुढे, एकदा स्वतःच बसून तीन मेणबत्त्या लावून पाहिल्या तेव्हा. तोवर ती शाळा सोडून गेली होती.

थोडी तक्रारही करते, कारण ह्यात एकटी मीच नव्हते. आमच्यावर देखरेख करणाऱ्या कार्यालयाचा एक छापील तक्ता असायचा. साहित्य, कृती, 'अपेक्षित निष्कर्ष', आणि शेवटी 'निष्कर्ष आला / नाही' अशी चौकट. प्रत्यक्षात काय दिसलं ते लिहायला जागाच नव्हती. मी दोनदा पत्र लिहून विचारलं की मुलांची खरी मोजमापं कुठे भरायची. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की तक्त्यात बदल करता येणार नाही. 'नाही'वर खूण केली की प्रयोग अयशस्वी धरला जायचा आणि खुलासा मागायचे. मग कोण कशाला खरं लिहील? मुलं आमच्याकडून शिकली आणि आम्ही तक्त्याकडून: आधी उत्तर, मग त्याला जुळेल असं निरीक्षण. ह्याचा राग मला अजून येतो. कुणी तुमच्याकडून असा तक्ता भरून घेत असेल तर भरून द्या बापड्या, नोकरी आहे, पण मुलांच्या वह्यांत तो रकाना येऊ देऊ नका.

मी आता काय करते ते सांगते. आधीच सांगून ठेवते की मी संशोधक नाही. माझा अनुभव अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे, त्याहून लहानांना हे कितपत झेपेल ते तुम्हीच बघा.

मेणबत्ती मी सोडलेली नाही. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे ह्यांनी मुलांसाठी नाताळातली अख्खी व्याख्यानमाला नुसत्या मेणबत्तीवर दिली होती, १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०–६१ मध्ये. इतकं त्या एका वस्तूत आहे. मी फक्त प्रश्न बदलला. पेल्याला बाहेरून कागदाची उभी पट्टी चिकटवायची. ज्योत विझण्याच्या क्षणी पाणी जिथे असेल तिथे एक खूण, आणि दोन मिनिटांनी दुसरी. पेला घालायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनने लिहायचा. पेनने, म्हणजे खोडता येत नाही. मग एक मेणबत्ती, दोन, तीन. दोन खुणांमधलं अंतर पाहून मुलं स्वतःच म्हणायला लागतात की विझल्यावर का चढतं. एखादा हमखास म्हणतो, "गरम होतं ते गार झालं." हे वाक्य मुलांकडून येईपर्यंत मी तोंड उघडत नाही. पहिल्यांदा हे फार जड जातं. पन्नास मुलं गप्प बसलेली, घड्याळ पुढे सरकतंय, आणि उत्तर आपल्या जिभेवर. तरी थांबा.

हवेतला पाचवा भाग खरोखर दाखवायचा असेल तर लोखंड गंजू द्या. परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोहकीस टाकायचा आणि नळी फिरवायची, म्हणजे तो बाजूला चिकटून राहतो. जास्तीचा झटकून टाकायचा आणि नळी पाण्याच्या भांड्यात पालथी उभी करायची. गंजताना लोखंड ऑक्सिजन धरून ठेवतं आणि त्या जागी दुसरा वायू तयार होत नाही. काही दिवसांत पाणी चढत चढत पाचव्या भागाच्या आसपास येऊन थांबतं. पंधरा सेंटिमीटरच्या नळीत सुमारे तीन सेंटिमीटर. लोहकीस मिळाला नाही तर भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी चालते, पण स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, ती गंजणार नाही आणि तुम्ही आठवडाभर वाट बघत बसाल. साध्या घासणीला कधी तेलाचा हात असतो, म्हणून ती आधी व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून, झटकून मग नळीत घालावी. शेवटी अंतर मोजताना नळीतल्या आणि भांड्यातल्या पाण्याची पातळी एकसारखी करून घ्या, नाहीतर दाबाचा फरक आकड्यात घुसतो.

ह्याला वेळ लागतो हीच मला त्यातली चांगली गोष्ट वाटते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिए ह्यांनी पारा बारा दिवस तापवत ठेवला (तापलेला पाराही हवेतला ऑक्सिजन धरून ठेवतो) तेव्हा कुठे बंद भांड्यातली हवा सुमारे सहाव्या भागाने कमी झाली. आपल्याला ते पस्तीस मिनिटांच्या तासात बसवायचं असतं, म्हणून आपण मेणबत्ती पेटवतो आणि मग आकडे ओढूनताणून जुळवतो. सोमवारी नळी लावा, मुलं रोज येताजाता वाकून बघतील. पाणी किती चढलं ह्याहून ते का थांबलं, ह्यावर त्यांची जास्त चर्चा होते. (पारा मात्र वर्गात आणू नका. जुने पाऱ्याचे तापमापक कपाटात असतील तर तेसुद्धा मुलांच्या हाती देऊ नका.)

त्या मुलीच्या वहीने मला एक सवय लावली. आकडा जुळला नाही तर आधी मांडणी बघायची, मुलावर संशय घ्यायचा नाही. लंबकाचं उदाहरण देते. पंचवीस सेंटिमीटर लांबीचा लंबक जाऊन परत यायला साधारण एक सेकंद घेतो. वीस आंदोलनं मोजली की वीस सेकंद. वजन वाढवलं तरी वेळ तोच राहतो, असं आपण शिकवतो. एका गटाने दोऱ्याला एक नट बांधून वीस सेकंद मोजले, मग चार नट बांधले आणि एकवीसहून जास्त आले. तीनदा मोजलं, तीनदा तेच. पूर्वीची मी असते तर 'घड्याळ उशिरा थांबवलंत' म्हणाले असते. ह्या वेळी जवळ जाऊन पाहिलं. पोरांनी चारही नट एकाखाली एक माळेसारखे बांधले होते. सगळ्या वजनाचा मध्य खाली सरकला होता, म्हणजे लंबक लांब झाला होता. त्यांचा आकडा अगदी बरोबर होता, आणि लांबीने वेळ वाढतो हे त्यांनी न ठरवता दाखवून दिलं होतं. मी काही न बोलता एवढंच विचारलं, "चारही एकाच हुकात अडकवले तर?" पाच मिनिटांत पुन्हा वीस सेकंद. त्या गटाला लांबी कुठून कुठे मोजायची हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

विजेचं थोडक्यात. एक सेल, एक विजेरीचा बल्ब, एकच वायर, आणि 'पेटवून दाखवा'. आकृती आधी काढून देऊ नका. बहुतेक मुलं बल्बचं फक्त खालचं टोक सेलवर टेकवतात आणि वायर कुठे लावायची ह्यात अडकतात. बल्बच्या धातूच्या बाजूलाही जोड लागते, हे हाताला सापडलं की परिपथ पूर्ण होणं म्हणजे काय ते पुन्हा समजवावं लागत नाही. बल्बऐवजी पांढरा एलईडी दिलात तर तो एका दीड व्होल्टच्या सेलवर पेटणार नाही आणि उलटा लावला तर दोन सेलवरही नाही, तेव्हा पहिल्या दिवशी साधा बल्बच बरा. भिंतीतल्या विजेवर काहीही करायचं नाही. चपटे बटण सेल लहान मुलांच्या आसपास नकोत, गिळले गेले तर जिवावर बेततं. मेणबत्तीच्या तासाला लांब केस बांधलेले आणि ओढण्या खोचलेल्या हव्यात. तुम्ही हे करत असालच, तरी लिहिलं.

काही जण तुम्हाला सांगतील की तास सुरू व्हायच्या आधी प्रयोग चार वेळा करून बघा आणि जमेल तोच दाखवा. करून जरूर बघा, पण मला विचाराल तर तो बिघडवूनही बघा: पेला वाकडा घालून, मेणबत्त्या वाढवून, नट माळेत बांधून. वर्गात काय काय होऊ शकतं ते त्याने कळतं. हे माझं मत आहे, सगळ्यांना पटेल असं नाही.

आणि त्या तीन गटांकडे परत जा. उद्याच्या तासाला तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि कुठलाही चूक म्हणू नका. प्रत्येक गटाला विचारा की पेला कसा घातला होता, बुडबुडे दिसले होते का. बोटभर चढलेल्या गटाला सगळ्यात आधी बोलू द्या, हसणं त्यांच्याच वाट्याला आलं असणार. मग पट्टी चिकटवून, दोन खुणांसह पुन्हा करा, आणि एक, दोन, तीन मेणबत्त्यांना काय आकडे आले ते इथे लिहा. पेल्याची उंची आणि रुंदीही द्या, म्हणजे माझ्या वर्गातल्या आकड्यांशी ताडून बघता येतील.