बँड दिसला, पण कोणाचा?

प्रश्न : वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधण्याची पद्धत) माझे प्रथिन ५५ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचे एकक) दिसायला हवे. तिथे बँड (रेघ) येतो, पण ७० च्या आसपास आणखी एक ठळक बँड येतो. प्रायमरी अँटीबॉडी (प्रथिनाला थेट ओळखणारी) सशातली, पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचे मिश्रण) आहे. पेप्टाइडने (अँटीबॉडी ओळखते त्या प्रथिनाच्या छोट्या तुकड्याने) ब्लॉक केल्यावर दोन्ही बँड गेले. मग दोन्ही खरे मानायचे का?

उत्तर : नाही. पेप्टाइडच्या प्रयोगावर बरेच जण जरुरीपेक्षा जास्त विसंबतात. अँटीबॉडीची पकडण्याची जागा पेप्टाइडने भरली की तिथून येणारे सगळेच बँड जातात. तसाच तुकडा अंगावर असलेले परके प्रथिनही त्यात आले. अँटीबॉडी त्या पेप्टाइडला ओळखते, एवढेच यातून कळते.

सुरुवात सेकंडरीपासून, म्हणजे प्रायमरीला चिकटून तिची जागा दाखवणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीपासून, करा. मेंब्रेनची एक पट्टी प्रायमरी न घालता फक्त सेकंडरीत ठेवा. ७० चा बँड तिथेही दिसला, तर प्रायमरीचा त्याच्याशी संबंध नाही. ५५ च्या बँडबद्दलही सावध राहा. नमुना सशाच्याच अँटीबॉडीने इम्युनोप्रेसिपिटेशन करून, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिन पकडून, काढलेला असेल, तर त्या अँटीबॉडीची जड साखळी ५० च्या आसपास आणि हलकी साखळी २५ ला उमटते. जेलवर ५० आणि ५५ यांत गफलत सहज होते. उंदराच्या ऊतीवर उंदराची अँटीबॉडी वापरली तरी हेच घडते.

खरा निवाडा जनुक काढून टाकलेल्या पेशी करतात. या नॉकआउट पेशी आणि मूळ पेशी शेजारशेजारच्या लेनमध्ये, सारख्याच प्रमाणात चालवा. जो बँड जाईल तो तुमचा, जो राहील तो परका. नॉकआउट मिळत नसेल तर वेगवेगळ्या जागी बसणारे दोन एसआयआरएनए (जनुकाचा संदेश दाबणारे छोटे आरएनए) वापरून ४८ ते ७२ तासांनी नमुना घ्या. प्रथिन पेशीत दीर्घकाळ टिकणारे असेल, तर एवढ्या वेळात बँड फिका होतो, नाहीसा होत नाही. याशिवाय प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला ओळखणारी स्वतंत्र अँटीबॉडी लावून पाहता येते. अँटीबॉडीच्या पडताळणीसाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जे पाच मार्ग सुचवले, त्यांत जनुक काढणे किंवा दाबणे आणि स्वतंत्र अँटीबॉडी हे दोन्ही आहेत.

७० चा बँड नॉकआउटमध्ये गेला, तर तो तुमच्याच प्रथिनाचे दुसरे रूप असू शकतो. शर्करा जोडल्या गेल्याची शंका असेल तर नमुन्याला पीएनगेझ एफ हे शर्करा कापणारे एन्झाइम लावा. एन-जोडणीच्या शर्करा सुटल्या की बँड खाली सरकतो.

पॉलिक्लोनलची आणखी एक अडचण म्हणजे नवा लॉट (एका वेळी बनवलेला साठा) नव्या प्राण्याच्या सीरममधून आला की त्यातले मिश्रण बदलते. म्हणून जुना लॉट संपण्याआधी नवा त्याच नमुन्यावर शेजारी चालवून पाहा आणि लॉट क्रमांक वहीत लिहा. दीर्घ चालणाऱ्या कामासाठी आम्ही रीकॉम्बिनंट अँटीबॉडी सुचवू. तिचा क्रम ठाऊक असतो, त्यामुळे ती पुन्हा तशीच बनवता येते.

प्रश्न : फॉस्फो-अँटीबॉडी (प्रथिनाचे फॉस्फेट जोडलेले रूप ओळखणारी) लावली की अख्खी मेंब्रेन काळी पडते. ब्लॉकिंगला (मेंब्रेनच्या रिकाम्या जागा भरायला) ५ टक्के स्किम मिल्क वापरतो. एकूण प्रथिनाची अँटीबॉडी याच पद्धतीने स्वच्छ येते.

उत्तर : पहिला संशय दुधावर. त्यातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे, त्यामुळे काही फॉस्फो-अँटीबॉडी त्याला चिकटतात. ०.१ टक्का ट्वीन-२० घातलेल्या टीबीएसमध्ये (ट्रिस आणि मिठाचा बफर) ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) करून तासभर ब्लॉक करा आणि प्रायमरीही त्यातच पातळ करून ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. लहान जेलच्या मेंब्रेनला १० मिलिलिटर द्रावण पुरते, म्हणजे १:१००० साठी १० मायक्रोलिटर अँटीबॉडी. सेकंडरीआधी आणि नंतर १०-१० मिनिटांच्या तीन धुण्या द्या.

तरीही काळे आले तर १:५००, १:१०००, १:२००० आणि १:५००० अशा चार पट्ट्या एकाच दिवशी करा. माहितीपत्रकातले प्रमाण म्हणजे फक्त सुरुवातीचा अंदाज. काळ्या ठिपक्यांचे कारण बहुधा सेकंडरीतल्या गाठी असतात, ती वापरण्याआधी ५ मिनिटे वेगाने फिरवून वरचे द्रावण घ्या. बँडच्या मधोमध पांढरे दिसले तर एचआरपी (सेकंडरीला जोडलेले, बँड दिसण्यासाठी प्रकाश निर्माण करणारे एन्झाइम) जास्त झाले आहे, त्याने तिथला सबस्ट्रेट (ते ज्यावर काम करते ते रसायन) संपवून टाकला. अशा वेळी सेकंडरी आणखी पातळ करा. फोटोचा वेळ कमी करून हा दोष जात नाही.

आणि उलट, फॉस्फो-बँड फिका येत असेल तर अँटीबॉडीला दोष देण्याआधी लायसिस बफर (पेशी फोडण्याचे द्रावण) तपासा. त्यात सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनडेट ही फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारी रसायने नसतील, तर पेशी फुटताच फॉस्फेट निघू लागतात.

प्रश्न : वेस्टर्नमध्ये उत्तम चालणारी अँटीबॉडी पॅराफिन सेक्शनवर (फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या ऊतीच्या पातळ कापावर) काहीच दाखवत नाही.

उत्तर : वेस्टर्नमध्ये प्रथिन उलगडलेले असते, तर फॉर्मेलिनने ते जाळ्यात बांधले जाते आणि अँटीबॉडीची जागा झाकली जाते. ती उघडण्यासाठी १० मिलिमोलर सायट्रेट, पीएच ६.०, यात ९५ ते ९८ अंशांना २० मिनिटे तापवा आणि त्याच द्रावणात २० ते ३० मिनिटे निवू द्या. जमले नाही तर पीएच ९.० चे ट्रिस-ईडीटीए. धोधो उकळू नका, सेक्शन सुटतात. दोन्ही बफर फसले आणि ज्यात प्रथिन नक्की आहे अशी ऊतीही कोरी राहिली, तर ती अँटीबॉडी या कामाची नाही. दुसरी शोधा.

प्रश्न : स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडीने रंगवण्याची पद्धत) सशाची कोणतीही अँटीबॉडी लावली तरी जिवाणू झगमगतात. असंबंधित आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य प्रकार) लावली तरी तेच.

उत्तर : असंबंधित आयजीजीचा कंट्रोल लावलात म्हणूनच चूक पकडली गेली. या जिवाणूच्या भिंतीवर प्रोटीन ए असते आणि ते आयजीजीला शेपटाकडून, म्हणजे एफसी भागाने, धरून ठेवते. अँटीबॉडी काय ओळखते याचा इथे प्रश्नच येत नाही. सशाची आयजीजी ते घट्ट पकडते. उंदराची आयजीजी२ए आणि २बीही तशीच, आयजीजी१ मात्र सैल.

सर्वांत स्वच्छ कंट्रोल म्हणजे एसपीए, अर्थात प्रोटीन ए बनवणारे जनुक, नसलेला स्ट्रेन. तो हाती नसेल तर कोंबडीच्या अंड्यातून मिळणारी आयजीवाय ही अँटीबॉडी वापरा, प्रोटीन ए तिला धरत नाही. सेकंडरी एफसी नसलेला, एफ-एबी-प्राइम-२ तुकडाच असू द्या, नाहीतर तीच चिकटेल. सशाचीच प्रायमरी वापरणे भाग असेल तर आधी भरपूर मानवी आयजीजीने जागा भरून घ्या आणि मानवी आयजीजी न ओळखणारी सेकंडरी निवडा. सशाच्या आयजीजीने जागा भरू नका, कारण सेकंडरी तिलाच रंगवेल. गट सी आणि जी स्ट्रेप्टोकॉकसमध्ये प्रोटीन जी हाच घोटाळा करते.

प्रश्न : अँटीबॉडी कुठे ठेवावी? सोडियम अझाइड घालावे का?

उत्तर : १० मायक्रोलिटरपेक्षा लहान नसतील असे एकेका वापरापुरते भाग करून उणे २० अंशांना ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर नको, त्यात तापमान सतत खालीवर होते. फ्लुओरेसंट रंग जोडलेली अँटीबॉडी गोठवू नका. ती ४ अंशांना, अंधारात ठेवा. ४ अंशांच्या साठ्यात ०.०२ टक्के अझाइड बुरशी रोखते, पण ते एचआरपीला निकामी करते. म्हणून एचआरपी जोडलेल्या अँटीबॉडीत ते कधीच नको. जिवंत पेशींवर प्रयोग असेल तर तिथेही अझाइड नसलेलीच बाटली मागवा, ते पेशींचे श्वसन बंद पाडते.