गेम खेळणारी पोरं एवढी टॉक्सिक का असतात, मुलींना त्रास का देतात?

कारण ग्रुपमध्ये बाहेरचं कोणी नसतंच. मी दादरला सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक खेळायचो, आठ-दहा पोरं, सगळी आजूबाजूच्या बिल्डिंगमधली, आईबहिणीवरून शिव्या म्हणजे तिथली नॉर्मल भाषा, आणि एखाद्याला खटकलं तरी तो गप्प बसायचा कारण बोलला की 'नूब' (म्हणजे कच्चा, नवखा) म्हणून त्याचीच खेचायचे. मग हळूहळू वाटायला लागतं की हे आपलं घर आहे, बाहेरच्याने शिकवायचं नाही.

तेच आता मोबाइलवर आलंय, फक्त समोर चेहरा नाही. माझी मामेबहीण अनोळखी स्क्वॉडमध्ये माइक ऑनच करत नाही, आवाज ऐकला की एकतर नंबर मागतात नाहीतर 'जा पोळ्या लाट'. (खेळते माझ्यापेक्षा भारी, ते सोडा.)

२०१४ चं अमेरिकेतलं गेमरगेट बघा, गेमर्सनी ऑनलाइन चालवलेली मोहीम. नाव काय, तर गेमिंग पत्रकारितेत नीतिमत्ता पाहिजे, आणि प्रत्यक्षात बायकांना बलात्काराच्या आणि जिवे मारायच्या धमक्या. अनिता सारकीशियनचा गुन्हा काय, तर गेममध्ये बायका कशा दाखवतात यावर यूट्यूबला व्हिडिओ केले. त्या ऑक्टोबरमध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीत तिचं भाषण होतं, गोळीबाराची धमकी आली, आणि तिथल्या कायद्यामुळे लायसन्सवाल्यांना बंदूक आत आणायला अडवता येत नव्हतं म्हणून तिने ते रद्द केलं. टीका केली म्हणून एवढं! आणि सगळेच असे नसतात हो, पण बाकीचे म्यूट करून खेळत राहतात, मीपण तेच करायचो.