गोदामात जाऊन बघ, मग फी भर

डिलिव्हरीच्या लायनीत शिरू की डेटाचा कोर्स करू, असं विचारलंस. मालवाहतुकीत माझी बावीस वर्षं गेली, म्हणून आधी एक जुनी हकीकत सांगतो.

अमेरिकेत ३ एप्रिल १८६० ला पोनी एक्सप्रेस सुरू झाली. सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो, जवळजवळ ३,००० किलोमीटर, घोड्यावरून साधारण दहा दिवसांत टपाल. दर पंधरा-वीस किलोमीटरवर घोडा बदलायचा. पत्रं असत चार कप्प्यांच्या चामडी झुलीत, तिला 'मोचिला' म्हणत. दमलेल्या घोड्यावरून ती उचलायची, ताज्याच्या खोगिरावर टाकायची, की स्वार पसार! (आपले जासूद, सांडणीस्वार आठवले ना?) ऑक्टोबर १८६१ मध्ये तारेची लाइन जोडली गेली आणि दोनच दिवसांत ही सेवा बंद झाल्याचं जाहीर झालं. स्वार तरबेज होते, पण तारयंत्र चालवणारा वेगळाच माणूस लागत होता.

चाकणला एखाद्या गोदामात दिवसभर उभा राहा. स्कॅनर मारणारी पोरं ढिगानं दिसतील. कुठला माल कुठल्या रॅकवर ठेवला तर गाडी लवकर भरते, हे आकड्यांतून सांगणारं क्वचित कुणी. तू त्या आकड्यांच्या कामाकडे जा. आधी एक्सेल पक्कं कर, मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. हात मशीनवर चालत असेल तर इलेक्ट्रिक गाड्यांचं काम शीक, तेही वाढतंय.

आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्यांना एकरकमी पैसे देऊ नकोस. मी दिले होते. अजून फोनची वाट बघतोय!

रविवारी कर्वेनगरला ये, चाकणच्या दोस्ताशी गाठ घालून देतो.